जोड्या लावा : तारापूर – अणुऊर्जा



स्मरणिकेसाठी लेख दे, असा संपादक मंडळाचा फोन आला तेव्हा मी विचारलं, "आठवणी लिहू का?" पलीकडून उत्तर आलं, "आठवणींचे पुष्कळ लेख आलेत, आणि सगळ्यांत मधल्या सुट्टीतली चिंच आहे. तू दुसरं काहीतरी लिही." म्हणून हा लेख इतिहासावर आहे. मी इतिहासाची विद्यार्थिनी नाही. इंजिनिअरिंग केलं आणि गेली वीस-बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. पण हा विषय आपल्या सगळ्यांच्या अंगणातला आहे, आणि मला तो सुचला माझ्या मुलीमुळे.

तिच्या शाळेत जगाच्या प्रश्नांचा वेगळा तास असतो. मुलं एकेक देश वाटून घेतात, संयुक्त राष्ट्रसंघाची नक्कल सभा भरवतात, ठराव मांडतात. गेल्या वर्षी ती नॉर्वे होती. हवामानबदलावर छान बोलली. नंतर तिने मला विचारलं, "आई, तुमच्या शाळेत असं काही होतं?" मी सांगितलं, असा तास नव्हता. नागरिकशास्त्रात संयुक्त राष्ट्रसंघाचे सहा अवयव पाठ करायचे होते आणि भूगोलात 'जोड्या लावा' होतं : डावीकडे तारापूर, उजवीकडे अणुऊर्जा. आपल्याकडे तो एक गुण कुणाचाच चुकत नसे. शाळेच्या खिडकीतून उजव्या बाजूचं उत्तर दिसायचं नाही, पण वर्गातल्या निम्म्या जणांच्या घरात ते जेवायला बसायचं. कुणाचे बाबा प्रकल्पात, कुणाचे काका कंत्राटदाराकडे, कुणाची जमीन प्रकल्पाच्या कुंपणाआत.

त्या एका रेघेने जोडलेल्या दोन शब्दांमागे किती जग होतं, ते मला फार उशिरा, नोकरीच्या निमित्ताने परदेशी माणसांशी बोलताना कळत गेलं. मग मिळेल तसं वाचलं. ते इथे मांडते.

नावापासूनच सुरुवात करू, कारण बाहेरच्या माणसाला ते समजावताना आपली दमछाक होते. तारापूर एमआयडीसी बोईसर स्टेशनाला खेटून आहे, तारापूरला नाही. तारापूर अणुऊर्जा केंद्रसुद्धा तारापूर गावात नाही. ते घिवली, अक्करपट्टी, पोफरण या बाजूच्या किनाऱ्यावर आहे. खरं तारापूर म्हणजे किल्ला, पारशी वाडा, खाडीपलीकडे चिंचणी. तो किल्ला पोर्तुगीजांकडून मराठ्यांनी १७३९ च्या जानेवारीत घेतला. त्या लढाईत बाजी भीमराव रेठरेकर पडले आणि पुढच्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई सर केली. म्हणजे लिस्बनमध्ये हे नाव अडीचशे वर्षांपूर्वीही माहीत असणार. आपण मात्र चौथीत शिवकाल शिकलो, आणि आपल्या किल्ल्यावर सहलीला गेलो ते भेळ खायला.

आता अणुभट्टीकडे येते.

१९६० च्या १ मे रोजी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले. दोन्ही राज्यांना कारखान्यांसाठी वीज हवी होती आणि कोळशाच्या मोठ्या खाणी दूर पूर्वेला होत्या. डॉ. होमी भाभा १९५५ साली जिनिव्हाला भरलेल्या, अणूच्या शांततामय वापरावरच्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या परिषदेचे अध्यक्ष होते. अणुवीज भारतासारख्या देशाला परवडते, हे त्यांना लवकर दाखवून द्यायचं होतं. दोन्ही राज्यांच्या मधोमध, समुद्राचं पाणी भट्टी थंड करायला हाताशी, पश्चिम रेल्वे जवळ, अशी जागा म्हणून आपला किनारा निवडला गेला. वीज दोघांत निम्मी-निम्मी.

जागतिक निविदा निघाल्या. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीचं काम मंजूर झालं, आणि बांधकामासाठी बेक्टेल आली. ८ ऑगस्ट १९६३ रोजी भारत आणि अमेरिकेने तीस वर्षांचा करार केला. अमेरिकेने जवळपास ८ कोटी डॉलरचं कर्ज दिलं, व्याज पाऊण टक्का, फेडायला चाळीस वर्षं. तारीख लक्षात घ्या. चीनशी युद्ध होऊन वर्षही झालेलं नव्हतं. अमेरिकेला आशियात चीनसमोर उभा राहील असा एक लोकशाही देश हवा होता, भारताला तंत्रज्ञान आणि पैसा. आपल्या शेजारच्या वाडीत जमिनीची मोजणी झाली त्यामागे हिमालयातलं ते युद्धही कुठेतरी होतं.

भाभांना हे केंद्र चालू झालेलं पाहता आलं नाही. २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचं 'कांचनजंगा' विमान आल्प्समध्ये माँ ब्लांवर कोसळलं, त्यात ते होते. १९६९ च्या फेब्रुवारीत दोन्ही भट्ट्या पहिल्यांदा पेटल्या ('पेटल्या' हा शब्द तिथल्या लोकांना आवडत नाही, पण आपल्या घरांत तोच वापरत) आणि २८ ऑक्टोबर १९६९ पासून व्यापारी तत्त्वावर वीज मिळू लागली. भारतातलं हे पहिलं अणुवीज केंद्र. प्रत्येक भट्टी २१० मेगावॅटची. पुढे काही वर्षांनी ती १६० वर आणली.

त्या करारातली एक अट पुढच्या सगळ्या रामायणाचं मूळ आहे, म्हणून ती जरा समजावून सांगते. निसर्गात मिळणाऱ्या युरेनियममध्ये कामाचा भाग, म्हणजे युरेनियम २३५, शेकडा पाऊणहूनही थोडा कमी असतो. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांना तो त्याच्या तीनेक पट लागतो. हे प्रमाण वाढवायला प्रचंड कारखाने लागतात आणि तेव्हा ते भारताकडे नव्हते. अमेरिकेने सांगितलं, हे समृद्ध युरेनियम तुम्ही फक्त आमच्याकडूनच घ्यायचं, आणि आम्ही ते तीस वर्षं देऊ. पुढे ते हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये यायचं, तिथे त्याच्या नळ्या भरून जुडगे बनायचे आणि मग ते बोईसरला. म्हणजे अमेरिका – हैदराबाद – बोईसर. आमच्या धंद्यात याला एकाच पुरवठादाराच्या हाती शेंडी देणं म्हणतात आणि नवशिक्याला पहिल्या वर्षी सांगतात की असं करू नकोस. पण १९६३ साली दुसरा पर्याय फारसा नव्हता हेही खरं.

१९६८ साली अण्वस्त्र प्रसारबंदी करार सह्यांसाठी खुला झाला. १ जानेवारी १९६७ च्या आधी ज्यांनी स्फोट केला ते अण्वस्त्रधारी, बाकीच्यांनी कधीच करायचा नाही, अशी ती विभागणी. भारताने सही केली नाही. ज्याच्याकडे आहे त्याने ठेवायचं आणि बाकीच्यांनी शपथ घ्यायची, हे आपल्याला मान्य नव्हतं. १९७१ च्या जानेवारीत भारत, अमेरिका आणि व्हिएन्नाची आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था असा त्रिपक्षी करार झाला. तारापूरच्या भट्ट्यांवर व्हिएन्नाहून येणाऱ्या निरीक्षकांची नजर, तिथल्या इंधनाचा ग्रॅमग्रॅमचा हिशेब. आपण पाचवी-सहावीत असताना "गोरे साहेब आलेत" असं कॉलनीतली मुलं सांगायची ते बहुधा हेच.

१८ मे १९७४. पोखरण. तिथलं प्लुटोनियम तारापूरचं नव्हतं, ते तुर्भ्याच्या सायरस भट्टीतलं. सायरस कॅनडाने दिलेली, तिचं जड पाणी अमेरिकेचं. पण जगाने भारताच्या सगळ्याच अणुकार्यक्रमाकडे डोळे वटारले. कॅनडाने हात काढून घेतले. अणुसाहित्य पुरवणाऱ्या देशांनी एकत्र येऊन गट केला. त्याचा फटका सगळ्यात सरळ बसला तो तारापूरला, कारण इंधनासाठी परदेशावर टेकलेली भट्टी तीच होती.

१९७८ च्या जानेवारीत अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर दिल्लीला आले. मायक्रोफोन चालू आहे हे लक्षात न येता ते आपल्या परराष्ट्रमंत्र्यांना म्हणाले की परत गेल्यावर मोरारजींना जरा कडक भाषेत पत्र लिहायला हवं. ते सगळ्या पत्रकारांनी ऐकलं. वादाचा विषय अणुइंधनाचाच होता. १० मार्च १९७८ रोजी कार्टर यांनी नव्या कायद्यावर सही केली : जो देश आपली सगळी अणुकेंद्रं तपासणीला खुली करणार नाही त्याला इंधन नाही. भारताचं म्हणणं, करार १९६३ चा आहे, तो तुम्ही १९७८ च्या कायद्याने कसा बदलता? अमेरिकेचं म्हणणं, स्फोट करून परिस्थिती तुम्हीच बदललीत. मला दोन्ही बाजू कळतात. सही झाल्यावर अटी बदलणारे ग्राहक मी पाहिलेत, आणि दिलेली वस्तू भलत्याच कामाला वापरणारेही.

१९८० ची गोष्ट तर मुलांना गोष्ट म्हणूनच सांगावी अशी आहे. ३८ टन इंधनाचा प्रश्न होता. दरम्यान १९७९ च्या डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या होत्या, आणि कार्टरना भारत दुखावून चालणार नव्हतं. त्यांनी आपल्याच कायद्याच्या कडेकडेने जाऊन इंधन द्यायचं ठरवलं. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने २९८ विरुद्ध ९८ मतांनी नको म्हटलं. दोन्ही सभागृहांनी नको म्हटलं असतं तर इंधन थांबलं असतं. २४ सप्टेंबरला सिनेटमध्ये मतदान झालं आणि ४८ विरुद्ध ४६ अशा मतांनी तारापूरचं इंधन वाचलं. दोन मतांनी! काबूलमध्ये रणगाडे घुसले म्हणून वॉशिंग्टनमध्ये हात वर झाले आणि म्हणून घिवलीत टर्बाइन फिरत राहिलं. आपण सगळे त्याच सुमाराला जन्मलो, कुणी दांडीच्या सुईणीच्या हातून, कुणी बोईसरच्या दवाखान्यात.

पुढचं भराभर सांगते. १९८२ च्या जुलैत इंदिरा गांधी वॉशिंग्टनला गेल्या, रेगन यांच्याशी तोडगा ठरला आणि अमेरिकेऐवजी फ्रान्सने इंधन द्यायचं मान्य केलं. १९९३ च्या ऑक्टोबरात तीस वर्षांचा करार संपला आणि फ्रान्सनेही थांबवलं. करार संपला तरी व्हिएन्नाची तपासणी भारताने चालूच ठेवली. मग १९९५ च्या सुरुवातीला इंधन आलं ते चीनकडून. ज्या चीनच्या भीतीने १९६३ चा करार जुळला, त्याच्याचकडून! आपण तेव्हा नववीत होतो. त्यानंतर रशिया. १८ जुलै २००५ रोजी मनमोहनसिंग आणि बुश यांनी वॉशिंग्टनला जे संयुक्त निवेदन काढलं त्यात तारापूरच्या इंधनाचा नावानिशी उल्लेख आहे. ६ सप्टेंबर २००८ ला त्या पुरवठादार गटाने भारताला सवलत दिली. वापरून झालेल्या इंधनाचं काय करायचं, हे भांडण वेगळंच. अमेरिकेने ते परत नेलं नाही आणि त्यावर प्रक्रिया करायला संमतीही दिली नाही. ते वर्षानुवर्षं तारापूरलाच पाण्याच्या टाक्यांत साठत राहिलं.

एवढं सगळं झालं आणि त्यातलं आपल्याला शाळेत किती कळलं? बहुतेक काहीच नाही. हा दोष मी कुणाला देत नाही. पुस्तक पुण्यात ठरायचं आणि ते गडचिरोलीच्या मुलासाठी तेच, बोईसरच्या मुलासाठी तेच. घरी मोठी माणसं प्रकल्पाबद्दल एक तर अभिमानाने बोलायची किंवा दबक्या आवाजात. वीज शेजारी तयार होते आणि आपण कंदिलावर अभ्यास करतो, हा विनोद प्रत्येक वाडीत होता. वीज ग्रिडमध्ये जाते, गावाला सरळ तार नसते, हे मला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी कळलं.

तरी एक अपवाद होता, आणि तो या स्मरणिकेत नोंदवला गेला पाहिजे. आपले इतिहासाचे सर. (त्यांना नाव छापलेलं आवडणार नाही, सगळ्यांना कळलंच असेल.) नववीच्या दुसऱ्या सत्रात त्यांनी एक गृहपाठ दिला होता : तुमच्या घरातून परदेशात जाणारी किंवा परदेशातून घरात येणारी एक गोष्ट शोधा आणि ती कुठून कुठे जाते ते विचारून लिहून आणा. आपण हसलो होतो. परदेशातून आपल्या घरी काय येणार?

पुढच्या आठवड्यात वर्गात जे काही आलं ते आठवतंय का? सातपाटीच्या मैत्रिणीने लिहिलं होतं की मोठं पापलेट घरी कधीच शिजत नाही, ते बर्फात घालून मुंबईला जातं आणि तिथून बाहेरदेशी. घरी उरतो तो बोंबील आणि मांदेली. वरोरच्या मुलाने आजोबांच्या डायमेकिंगच्या टेबलावरून पोलादाचा एक छोटा ठसा आणला. त्यावर कोरलेलं दागिन्याचं नक्षीकाम परराज्यातल्या सराफाकडे जातं आणि पुढे कुठे ते आजोबांनाही ठाऊक नव्हतं. एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात काम करणाऱ्या वडिलांच्या मुलाने पिंपावरचं लेबल उतरवून आणलं, त्यावर जर्मनीच्या बंदराचं नाव होतं. आणि प्रकल्पातल्या एका मुलाने नुसतं एक वाक्य लिहिलं : 'यंदा इंधन चीनचे आले.' सर ते वाक्य वाचून बराच वेळ गप्प उभे राहिले आणि मग फळ्यावर १९६२ लिहून तिथून बोलायला लागले. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. पुढचा तास गणिताचा होता, बाई दारात येऊन थांबल्या आणि त्याही ऐकत राहिल्या.

त्यांनी आपल्याला मत सांगितलं नाही. अणुबॉम्ब हवा की नको, प्रकल्प चांगला की वाईट, यातलं काहीही नाही. "कुणाकडून आलं, कोणत्या अटीवर, आणि नाही आलं तर कुणाचं काय अडेल?" हे तीन प्रश्न त्यांनी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवले होते आणि बरेच दिवस पुसू दिले नाहीत. आज कामात कुठलाही करार वाचताना मी हेच तीन प्रश्न विचारते. मुलीच्या नॉर्वेच्या भाषणात मला हेच खटकलं होतं. नॉर्वेला काय वाटतं ते तिला नीट माहीत होतं. आमच्या सोसायटीतला कचऱ्याचा ट्रक कुठे जातो, ते माहीत नव्हतं.

११ मार्च २०११ ला जपानमध्ये भूकंप आणि त्सुनामी आली तेव्हा मी एका जपानी ग्राहकाच्या प्रकल्पावर काम करत होते. आठवडाभर त्यांच्याशी बोलणं बंद होतं. सुरू झालं तेव्हा पलीकडच्या सहकाऱ्याने सहज विचारलं, तुझं गाव कुठे? मी म्हटलं, मुंबईच्या उत्तरेला, तारापूरजवळ. तो थांबला. फुकुशिमाच्या पहिल्या भट्ट्याही जनरल इलेक्ट्रिकच्याच, पाणी थेट भट्टीत उकळणाऱ्या, आणि त्यातली पहिली १९७१ ची, म्हणजे आपल्या तारापूरहून दोन वर्षांनी धाकटी. हे त्याला ठाऊक होतं. त्याने विचारलं, "तुमच्या गावच्या लोकांना पळायचं झालं तर रस्ता कुठला, हे माहीत आहे का?" मला बोईसर-चिल्हार रस्ता डोळ्यांसमोर आला, त्यावरचे ट्रक, आणि रेल्वे फाटक बंद असतानाची रांग. त्या रात्री मी घरी फोन करून बाबांना तोच प्रश्न विचारला. ते म्हणाले, "अगं, ड्रिल होते की कधीमधी." पण त्यात शाळेची मुलं असतात का, हे त्यांना सांगता आलं नाही. त्यानंतर देशातल्या सगळ्या केंद्रांची सुरक्षेची फेरतपासणी झाली, तारापूरचीही. २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीकडे, धुंदलवाडीच्या परिसरात, भूकंपाचे धक्के बसू लागले तेव्हा मला हा प्रश्न पुन्हा आठवला.

या इतिहासाची दुसरी बाजू आपल्याच बाकांवर बसलेली होती. तिसरी आणि चौथी भट्टी, ५४० मेगावॅटची एकेक, भारतीय आराखड्याची आणि नैसर्गिक युरेनियमवर चालणारी. म्हणजे परदेशी इंधनाच्या त्या जुन्या जाचातून सुटणारी. २००५ आणि २००६ साली त्या सुरू झाल्या. त्यांच्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही दोन गावं उठवली गेली आणि पुनर्वसनाचा वाद पुढे उच्च न्यायालयापर्यंत गेला. स्वावलंबनाचा अभिमान मलाही आहे. पण समुद्रकाठी होडी ओढून ठेवणाऱ्या माणसाला आत कुठेतरी प्लॉट दिला तर होडी कुठे ठेवायची, हा प्रश्न दिल्लीच्या किंवा व्हिएन्नाच्या कागदात कुठेच येत नाही. तो आपल्या वर्गातल्या दोघा-तिघांच्या घरात येतो. तसंच एमआयडीसीचं. इथली औषधं आणि रंग जगभर जातात, त्यातून आपल्यातल्या कितीतरी घरांची चूल पेटली. आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर देशात सगळ्यांत वरच्या क्रमांकावर होतं, ९३.६९ गुणांसह. सांडपाण्याचा नळ नवापूरच्या समुद्रात जातो. नवापूरचा मुलगा आणि कारखान्यातल्या फोरमनची मुलगी एकाच बाकावर बसले तर त्यांनी काय बोलावं? आपण काही बोललो नाही. आपण डबा वाटून खाल्ला, तेही काही कमी नाही.

आता वर्गात बसलेल्या मुलांसमोर वाढवण बंदर आहे. ३० ऑगस्ट २०२४ ला पंतप्रधानांनी पालघरमध्ये त्याची पायाभरणी केली. जगातल्या मोठ्या कंटेनर जहाजांसाठी खोल पाणी हवं म्हणून ते तिथे, आणि तिथल्या मच्छीमारांचा विरोध नव्वदच्या दशकापासूनचा. बुलेट ट्रेनचं बोईसर स्टेशन होतंय, त्याच्यामागे जपानचं कर्ज आहे. आपल्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या दोन विषयांवर काय रण माजतं, ते सगळ्यांना माहीत आहे. दोघांनी ग्रुप सोडला होता, एकाला परत आणायला मला फोन करावा लागला. चाळिशी उलटलेल्या माणसांना जमत नाही ते पंधरा वर्षांच्या मुलांना शाळेत, शिक्षकासमोर, कागद हातात घेऊन जमेल असं मला वाटतं. निदान १९६३ चा करार आणि जपानचं कर्ज शेजारी-शेजारी ठेवून व्याजाचा दर तरी ती ताडून पाहतील.

म्हणून शाळेला भेट काय द्यायची या चर्चेत माझं मत लेखी देते. कमान नको. प्रोजेक्टर आधीच दोन आहेत. एक कपाट द्यावं, चांगलं लोखंडी, कुलपाचं, आणि त्यात कागद. १९६३ च्या कराराची प्रत, तो सार्वजनिक आहे. प्रदूषण मंडळाचे अहवाल. जुन्या वर्तमानपत्रांची कात्रणं, सगळ्या बाजूंची. किल्ल्याची, पारशी अग्यारीची, सातपाटीच्या मच्छीमार सोसायटीची माहिती. आणि आपल्या आई-वडिलांच्या, आजी-आजोबांच्या ध्वनिफिती : ज्यांनी पहिल्या भट्टीच्या पायाचं काँक्रीट ओतलं, ज्यांनी अमेरिकन साहेबांच्या बंगल्यावर मासळी विकली, ज्यांनी पोफरणचं घर सोडलं. नववीच्या मुलांनी दर वर्षी एक विषय घ्यावा आणि सरांचे ते तीन प्रश्न लावून पाहावेत.

आपल्यातली जी मैत्रीण आता याच शाळेत शिकवते, तिला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बोलायला सोपं आहे गं. पोर्शन कधी संपवू? आणि बंदराचं नाव काढलं की उद्या कुणी ना कुणी पालक दारात उभे." तिचं बरोबर आहे. आम्ही दोघींनी बसून हिशेब केला तर वर्षाला शनिवारचे बारा तास निघतात, जास्त नाही. आणि पालकांचं म्हणाल तर कपाटात दोन्ही बाजूंचे कागद असतील आणि शिक्षकाने मत द्यायचं नाही, हे मुख्याध्यापकांच्या सहीने आधीच लिहून ठेवता येईल. एवढ्यावर ती "बघू" म्हणाली. तिच्या तोंडचं "बघू" म्हणजे निम्मं काम झालं, हे तिच्या बाकावर बसलेल्यांना माहीत आहे.

चोख माहितीसाठी मी इंटरनेटवरचे कागद गोळा करू शकते, ते माझं कामच आहे. पण घरातले कागद माझ्याकडे नाहीत. भूसंपादनाच्या नोटिसा, जुना सातबारा, प्रकल्पाचा पहिला पास, बांधकामावरचे फोटो, पिंपावरची लेबलं, चिंचणीच्या किंवा डहाणूच्या एखाद्या जुन्या दुकानाची वही. हे आपल्याच ट्रंकांमध्ये आहे आणि वाळवी लागायच्या आत बाहेर यायला हवं. स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार आहे. सकाळी दहा ते एक मी दहावी 'ब' च्या वर्गात स्कॅनर लावून बसते. ज्यांच्याकडे काही असेल त्यांनी घेऊन यावं. कागद तिथल्या तिथे परत मिळतील. मोठे कागद असतील तर गुंडाळून आणा, घडी घालू नका.